दीड वीत रबर : ब्रेकच्या नळीचा आणि ती पाहण्याच्या सवयीचा इतिहास

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गेले वर्षभर रबरी नळीचा एक तुकडा पडून आहे. लांबी जेमतेम दीड वीत, जाडी करंगळीएवढी. करवतीने तो उभा चिरलेला आहे. बाहेरून पाहिला तर काळाभोर, गुळगुळीत. कुठे चीर नाही, भेग नाही. आतून पाहिला तर जिथे आगपेटीतली काडी सहज जावी एवढी पोकळी असायला हवी, तिथे रबर फुगून पोकळी जवळजवळ बुजलेली आहे.

ही आमच्याच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची नळी. गॅरेजच्या भाषेत ‘होज पाईप’. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी मुलगी लोणावळ्याहून जुन्या महामार्गाने देहूला परत येत होती. कामशेत ओलांडल्यावर गाडी जड वाटू लागली, डावीकडे ओढू लागली, आणि वडगावपाशी जळका वास आला. ती थांबली तेव्हा चाकाजवळ हात नेववत नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. तिथे ब्रेकचे पॅड बदलले, कॅलिपर साफ केला, बिल दिले. बारा दिवसांनी पुन्हा तोच वास.

शेवटी गाडी देहूरोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. वय सत्तरीच्या पुढे; सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मुलीला ब्रेक दाबून सोडायला सांगितला आणि चाक हाताने फिरवून पाहिले. चाक जाम. मग वरच्या बाजूला, जिथे लोखंडी बंडी पाईप रबरी नळीला मिळतो, तो नट सैल केला. चाक जामच राहिले. नट परत आवळून त्यांनी खाली कॅलिपरवरचे निप्पल उघडले. तेलाची एक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे फिरले. “ताई, दाब नळीच्या खालीच अडकून बसला होता,” ते म्हणाले. “नळी आतून बंद झालीय. बाहेरून काय दिसणार?”

मला ते ऐकून ओशाळल्यासारखे झाले, कारण तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात मी चोवीस वर्षे याच नळ्या तपासण्याचे काम केले आहे. हजारो नळ्यांतून पिन सरकवून पाहिली. स्वतःच्या गाडीखाली मात्र अकरा वर्षांत एकदाही वाकले नव्हते. माझे वडील रोज वाकत असत. ही सवय आपल्याकडे आली कशी आणि गेली कुठे, हे शोधावेसे वाटले. हा लेख त्या शोधाचा आहे.

घाट आणि थांबा

ब्रेकचा इतिहास आमच्या भागात बोरघाटापासून सुरू होतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० मध्ये, खंडाळ्याचा गाडीरस्ता खुला झाला. त्याच वर्षीचा पूल पुढे एका मलमाच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेला आणि एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. रस्त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १८६३ मध्ये, रेल्वेने घाट ओलांडला. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. चढताना प्रश्न इंजिनाच्या ताकदीचा. उतरताना प्रश्न फक्त ब्रेकचा.

रेल्वेने यावर शोधलेला उपाय फार साधा होता. घाट उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या जागी थांबावेच लागे. थांबता आले म्हणजे ब्रेक शाबूत आहेत. थांबता आले नाही तर पुढचा सांधा चढाच्या एका आडमार्गाकडे लावून ठेवलेला असे. तिथे चढावर गाडीचा वेग मरून जाई. याला कॅच सायडिंग म्हणतात. ठाकूरवाडी, नागनाथ ही नावे त्यामुळेच रेल्वेवाल्यांच्या तोंडी असतात. प्रवाशाला वाटते, गाडी उगाच थांबली. खरे तर तो थांबा हीच तपासणी असते.

रेल्वेच्या ब्रेकलाही नळी होती: दोन डब्यांच्या मधली. ही नळी तुटली किंवा सुटली तर काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात फार महाग पडला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माघजवळ चढावर अडकलेली एक सहलीची गाडी मध्येच तोडण्यात आली. तिचा व्हॅक्यूम ब्रेक असा होता की नळी सुटताच मागच्या डब्यांना ब्रेकच उरला नाही. ते डबे घरंगळत खाली गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला: प्रवासी गाड्यांचा ब्रेक स्वयंचलित असला पाहिजे, म्हणजे नळी सुटली की ब्रेक आपोआप लागला पाहिजे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने असा हवेचा ब्रेक १८७२ मध्येच तयार केला होता.

हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. रेल्वेची नळी फुटली तर गाडी थांबते. मोटारीची नळी फुटली तर गाडी थांबत नाही.

तेल चाकापर्यंत न्यायचे कसे

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्यांवर आणि तारांवर चालत. चार चाकांच्या चार तारा एकसारख्या ताणून ठेवणे कठीण. एक सैल पडली की गाडी आडवी होई. त्यामुळे पुष्कळ मोटारींना ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असत. द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम शाळेत आपण सगळेच शिकलो. तो मोटारीच्या ब्रेकला लावण्याचे पेटंट १९१७ मध्ये माल्कम लॉकहीड या अमेरिकी माणसाने घेतले. विमानांमुळे प्रसिद्ध झालेले लॉकहीड हे नाव याच माल्कमचे आणि त्याच्या भावाचे. एका माल्कमच्या काळात आमचा घाटरस्ता झाला आणि दुसऱ्या माल्कमच्या ब्रेकवर आम्ही तो उतरू लागलो, हा निव्वळ योगायोग.

१९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांचे तेलाचे ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीला बसवले आणि आधीच्या कातडी वायसरांच्या जागी रबराच्या कपांचा वापर केला. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत वाट पाहिली. तेलाच्या ब्रेकवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. तार तुटली तर एक चाक जाते, तेल गेले तर चारही चाके जातात, ही शंका चुकीची नव्हती.

अडचण एकाच जागी होती. गाडीच्या सांगाड्यावरून तेल लोखंडी पाईपने नेता येते. पण चाक वर-खाली होते, पुढचे चाक वळतेही. तिथे लोखंड काही दिवसांतच मोडेल. म्हणून शेवटचा दीड वीतभर मार्ग लवचीक हवा. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली नसती तर तेलाचा ब्रेक कागदावरच राहिला असता. ही नळी एका रबराची नसते. आत तेलाला टिकणारे अस्तर, त्यावर दोऱ्याची घट्ट वीण, मध्ये रबराचा पातळ थर, पुन्हा वीण, आणि वर ऊन-पावसाला तोंड देणारे आवरण. दाब सोसण्याचे काम रबर करत नाही, वीण करते. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो. जोरात ब्रेक दाबला की या काडीएवढ्या पोकळीत तो शंभर बारच्या घरात जातो.

तेल कोणते, यालाही इतिहास आहे. खनिज तेलात हे रबर फुगते, म्हणून इंजिन ऑइल चालत नाही. सुरुवातीचे ब्रेक ऑइल एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण होते. आज वापरतात ते ग्लायकॉलच्या जातीचे. त्याचा दोष असा की ते हवेतली ओल शोषते. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेले १४० अंशांना उकळू शकते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर चाकाजवळचे तेल तेवढे तापते, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पोहोचवत नाही. पॅडल पायाखालून खाली जाते.

तीन नळ्यांची फियाट

तेलाचे ब्रेक आमच्या गावात मोठ्या संख्येने आले ते बहुधा लष्करामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्करी डेपो उभा राहिला आणि विलीस जीपसारखी वाहने या रस्त्यावर रोजची झाली. जीपचे ब्रेक तेलाचेच होते. देहूरोड बाजारातल्या गॅरेजांची पहिली पिढी या गाड्यांभोवती तयार झाली. आमचे चाचाही अशाच एका उस्तादांच्या हाताखाली शिकले.

मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याहून त्याच दशकाच्या अखेरीस अँबेसेडर आली. आपल्या रस्त्यांवर तीस वर्षे याच दोन गाड्यांचे राज्य होते. दोन्हींना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि रबरी नळ्या तीन: पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अख्ख्या धुरीला मिळून एक. आणि तेलाचा मार्ग एकच. तिन्हीपैकी कुठलीही नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जाणार. उरणार फक्त हँडब्रेक आणि गिअर. तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटी सक्तीची झाली. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांपर्यंत ती पोहोचायला बराच काळ लागला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पुणे स्टेशन ते दादर अशी फियाट टॅक्सी चालवत. पहाटे देहूहून निघण्याआधी ते गाडीखाली पोते अंथरून आडवे होत. मी दहा वर्षांची असेन. सीटच्या टोकावर बसून पॅडलपर्यंत पाय पोहोचवणे हे माझे काम. खालून आवाज येई, “मार… मार… धर!” मी दोन्ही पायांनी पॅडल धरून ठेवत असे. अण्णा बॅटरीच्या उजेडात नळीकडे पाहत, मग सुक्या फडक्याने ती टोकापासून टोकापर्यंत पुसत आणि फडके उजेडात धरत. “सोड.” मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पुन्हा “धर”. पूर्ण उजवीकडे, पुन्हा “धर”. सगळे मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. रात्री झोपेतही मला ते “धर” ऐकू येई.

मला तेव्हा वाटे, हा अण्णांचा नेम आहे, जशी त्यांची पहाटेची इंद्रायणीवरची आंघोळ. पुढे कळले, त्यात प्रत्येक गोष्टीला कारण होते. पॅडल दाबून धरल्यावर नळीवर फुगा येतो का ते पाहायचे, कारण फुगा आला म्हणजे आतली वीण तुटली. फडके कोरडे असले पाहिजे, कारण जोडापाशी तेलाचा ओलावा डोळ्यांना दिसण्याआधी फडक्याला लागतो. स्टिअरिंग दोन्हीकडे वळवायचे, कारण नळी टायरला किंवा सांगाड्याला घासते ती फक्त पूर्ण वळवल्यावर.

दुसरी तपासणी लोणावळ्याला. चहासाठी थांबले की ते चारही चाकांना तळहाताच्या मागच्या बाजूने हात लावून पाहत. सपाट रस्त्यावर चाके सारखीच कोमट असायला हवीत. एखादे जास्त तापले असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही आहे, आणि घाटात तो आणखी तापणार. मग घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंगरोबाची कथा सांगतात. घाट उतरणारे ड्रायव्हर त्याला नमस्कार केल्याशिवाय जात नसत. मी एकदा विचारले, “अण्णा, देव आहे ना, मग चाकांना हात का लावता?” ते म्हणाले, “देवाला पैसा द्यायचा. चाकाला हातच लावावा लागतो.”

आज मागे वळून पाहता वाटते, रेल्वेने जो थांबा नियमात लिहिला तोच या ड्रायव्हरांनी आपल्या रोजच्या क्रमात बसवला होता. नियम कुणी केला नव्हता. एका नळीवर चार चाके आणि पाच-सहा माणसे अवलंबून आहेत, एवढे ठाऊक असणे पुरेसे होते.

पट्ट्यातली परीक्षा

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळरानांवर कारखाने उभे राहू लागले. बजाज, बजाज टेम्पो, टेल्को. तुकोबांच्या पालखीचा पहिला मुक्काम आकुर्डीला असतो. लहानपणी आम्ही पालखीबरोबर चालत जायचो तेव्हा कारखान्यांच्या कुंपणाशी कामगार हात जोडून उभे असत. १९६६ मध्ये पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आणि १९६७ मध्ये भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था स्थापन झाली. मग हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. चाकण म्हटले की पूर्वी किल्ला आणि कांदा आठवे. आता मोटारींचे कारखाने आठवतात.

आकुर्डीच्या चेतक स्कूटरला तारेचे ब्रेक होते. २००१ मध्ये आलेल्या पल्सर मोटारसायकलला पुढे डिस्क ब्रेक होता आणि त्याबरोबर तेलाची नळी दुचाकीवरही आली. नळ्यांची मागणी वाढली. तळवडे, भोसरी, चाकणच्या शेडमध्ये नळी कापणे, तिच्या टोकांना धातूची जोडणी दाबून बसवणे, दाबाची चाचणी घेणे, अशी कामे सुरू झाली. मी त्यातल्याच एका शेडमध्ये तपासणीच्या टेबलावर रुजू झाले.

नव्या नळीला आपला कायदा कडक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या सुट्या भागांना सुरक्षेचे मानक सक्तीचे आहे त्यांत ब्रेकची नळी आहे. तिचे भारतीय मानक क्रमांक ७०७९. अशा मानकांत काय असते, हे अमेरिकेच्या १०६ क्रमांकाच्या नियमावरून सांगते. नळीने ४००० पौंड प्रति चौरस इंच दाब दोन मिनिटे फुटल्याशिवाय सोसायचा. दाब भरलेली नळी यंत्रावर सतत ३५ तास वळवळत ठेवायची. वाकवलेली नळी ७० तास ओझोन वायूत ठेवून मग सातपट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तिच्यावर चीर शोधायची. आणि टोकाची जोडणी बसवल्यावर आतली पोकळी मूळ व्यासाच्या ६४ टक्क्यांपेक्षा कमी होता कामा नये.

ही शेवटची परीक्षा माझी. ठरलेल्या जाडीची पिन नळीतून स्वतःच्या वजनाने घसरत जायला हवी. अडली की नळी बाद. नळीवर लांबीभर एक पांढरी रेघ छापलेली असते. ती शोभेची नसते. बसवताना नळीला पीळ पडला तर रेघ नागमोडी दिसते, म्हणून असते. शेजारी बनवल्याची तारीख. आम्ही ती रेघ आणि तारीख स्पष्ट उमटली नाही तर अख्खी पेटी परत पाठवत असू. ती रेघ गाडीखाली वाकून कोणी तरी पाहील, हे आम्ही गृहीत धरले होते.

पंधरा वर्षांची पोकळी

ते गृहीत कधी खोटे ठरले? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली, गाड्या सुधारल्या. तेलाचे दोन मार्ग आले. एक नळी गेली तरी निम्मा ब्रेक राहतो. रबर बदलले, अधिक टिकाऊ झाले. ही प्रगती खरीच आहे आणि तिने जीव वाचवले आहेत. पण जी वस्तू क्वचित बिघडते तिच्याकडे पाहणारा माणूसही क्वचित उरतो.

दुसरी, रस्ता बदलला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. लोणावळ्याचा थांबा गरजेचा राहिला नाही. घाट वीस मिनिटांत सरतो, चाकांना हात लावायला कोणी उतरत नाही. उतार तोच, गाडीचा वेग आणि वजन मात्र वाढले.

तिसरी गोष्ट कायद्यातली आहे. टॅक्सी, ट्रक, बस यांना ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची. त्या काळात पीयूसी लागते. पण त्यात धूर तपासतात, ब्रेक नाही. म्हणजे जी नळी कारखान्यातून बाहेर पडताना भिंगाखालून जाते, तिच्याकडे पुढची पंधरा वर्षे कायद्याने कोणी पाहायला बांधलेला नाही. रबर मात्र तेवढ्या वर्षांत वापर असो वा नसो म्हातारे होत राहते. कमी चालवलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, ही आपली समजूत नळीच्या बाबतीत लागू पडत नाही.

यात एक चौथी गोष्ट आमच्या चुकीच्या मायेची. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जुने ऑइल किंवा डिझेल फवारण्याची आपल्याकडे जुनी रीत. लोखंडाला ते बरे, ब्रेकच्या रबराला विष. फवारलेले ऑइल नळीच्या आवरणात मुरते, ते मऊ होते, फुगते. अण्णा फवारणीआधी नळ्यांना फडकी गुंडाळून दोऱ्याने बांधत. मला ते जादा सोवळे वाटे.

आमच्या गाडीची नळी आतून का फुगली, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. तिचे तेल पाच वर्षे बदललेले नव्हते, एवढे वही काढल्यावर कळले. आतून फुगलेली नळी फसवी असते. पायाचा जोर मोठा, तो तेल पुढे ढकलतो, म्हणून ब्रेक लागतो. पाय काढल्यावर तेल परत येण्याचा जोर अगदी थोडा, तो अडथळा ओलांडू शकत नाही, म्हणून ब्रेक सुटत नाही. नळीची झडप होऊन बसते. सर्व्हिस सेंटरच्या पोराने पॅड बदलले, कारण जळलेले पॅडच होते. त्याला दोष द्यावा तर आधी मला द्यावा लागेल.

काय पाहायचे

इतिहासाच्या लेखात कृती लिहू नये असा संकेत असेल. पण ही कृतीच या इतिहासातून उरलेली गोष्ट आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून उभी करावी. पुढची चाके पूर्ण वळवली की बहुतेक गाड्यांत नळी जॅक न लावता दिसते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. बॅटरीच्या उजेडात नळी हलकेच वाकवून पाहावी: बारीक चिरा, घासल्याची चकाकी, जोडापाशी ओल, मऊ पडलेली जागा. पांढरी रेघ सरळ आहे का पाहावे. दुसऱ्याने पॅडल दाबून धरले असता फुगा येतो का पाहावे. गाडी सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून थांबल्यावर चाकांजवळ हात नेऊन, आधी न टेकवता, कोणते चाक जास्त तापले ते पाहावे. यातले काही आढळले तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, मिस्त्रीला बोलवावे.

नळी बदलण्याचे काम जाणत्याचेच. पण काम चालू असताना समोर उभे राहून चार गोष्टी पाहता येतात. कॅलिपर नळीला लोंबकळत सोडलेला नाही ना. नट फिरवताना दुसऱ्या पान्याने नळी धरली आहे ना, नाही तर पीळ पडतो. तांब्याची वायसर नवी घातली ना. आणि एका बाजूची बदलली तर दुसऱ्या बाजूचीही बदलली ना, कारण दोन्ही एकाच वयाच्या असतात. शेवटी हवा काढून पॅडल कडक लागले पाहिजे. तेल दर दोन वर्षांनी बदलावे. खर्च एका हॉटेलच्या जेवणाएवढा.

चाचांनी आमच्या दोन्ही नळ्या बदलल्या. जुनी मी मागून घेतली आणि त्यांच्याच करवतीने चिरली. ते म्हणाले, “हे काय करणार घरी नेऊन?” मी म्हटले, “बघणार.”

यंदा दसऱ्याला झेंडूचा हार गाडीला घालण्याआधी मी अंगणात पोते अंथरले. गुडघे आता वाकायला कुरकुरतात. मुलगी आत बसली. अण्णांची बॅटरी केव्हाच गेली, मोबाइलच्या उजेडात पाहिले. रेघ सरळ होती. “मार,” मी खालून म्हटले. “मार… धर.” फुगा नव्हता. फडके कोरडे निघाले. मग हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि मुलगी म्हणाली, “आता तू आत बस. मला खालून बघू दे.”